प्रार्थना करून ठरवू

त्यानं पिशवीतून रुमालात गुंडाळलेले प्लास्टरचे दोन जबडे काढले, वरचा खालच्यावर नीट बसवला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. समोरच्या चार जोडप्यांपैकी तीन जोडपी लगेच हसली. चौथ्यातली मुलगी खुर्चीसकट थोडी मागे सरकली. प्लास्टरचा असला तरी विचकलेला जबडा हातभर अंतरावर आला की माणूस मागे सरकतंच.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "चावत नाही. याचे मालक दवाखान्यात आहेत."

हा विनोद अकरा वर्षं जुना होता आणि अजून चालत होता. चर्चमागची ही खोली एरवी लहान मुलांच्या रविवारच्या शाळेची, त्यामुळे खुर्च्या बुटक्या. लग्न ठरलेली धडधाकट माणसं त्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. अशा अवस्थेत माणसाला हसायला फारसं निमित्त लागत नाही.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर मापं घेऊन साचे पाठवत, आणि तो घरातल्या लहान खोलीत खिडकीपाशी बसून वरच्याला खालचा जुळवत असे. चर्चच्या मंडळीत सगळे त्याला दातवाले काका म्हणत. त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला सगळे काकूच म्हणत, पण ती समोर आली की मोठ्या माणसांचेही आवाज आपोआप खाली येत. लग्न ठरलेल्यांचा हा शनिवारचा वर्ग चर्चच्या पाळकांनी या दोघांवर सोपवला, तेव्हा कारण एका वाक्यात सांगितलं होतं. पाळक त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. ते म्हणाले होते, "इतकी वर्षं मी शेजारी आहे, यांच्या घरातून मोठा आवाज म्हणून कधी ऐकला नाही."

"आता बघा," तो जबडा हातात घेत म्हणाला. "वरचा म्हणजे आपण, असं प्रत्येक नवऱ्याला वाटतं. वर आहे, ऐटीत आहे. पण चावताना हलतो कोण? खालचा! वरचा जागचा हलतसुद्धा नाही."

मुली खदखदून हसल्या. एकीनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"घास मात्र दोघांनी मिळूनच घ्यायचा," असं म्हणून त्यानं जबडा पुन्हा टेबलावर ठेवला.

बायको खिडकीशी हजेरीची वही घेऊन बसली होती. हा भाग तिला पाठ होता. पूर्वी ती या ठिकाणी मान हलवत म्हणायची, "आणि खालचा दुखला की वरच्याचं सगळं बंद." त्यावर दुसऱ्यांदा हशा व्हायचा. अलीकडे ती ते वाक्य म्हणत नव्हती. तो तिच्यासाठी क्षणभर जागा सोडायचा आणि मग पुढे जायचा. आजही त्यानं तसंच केलं.

"आता मुख्य गोष्ट. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत एकही मोठा निर्णय आम्ही प्रार्थनेशिवाय घेतलेला नाही. मतं जुळेनाशी झाली की मी म्हणतो, प्रार्थना करून ठरवू. संपलं! कुणाचा आवाज चढत नाही, कुणी कुणाला टाकून बोलत नाही. देवाच्या पायाशी विषय ठेवला की भांडायला उरतं काय?"

पुढे बसलेला एक उंच तरुण हे भराभर वहीत उतरवून घेत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोटांच्या पेरांतलं काळं ग्रीस घासूनही गेलं नव्हतं, आणि पहिल्या शनिवारपासून तो वर्गातला सगळ्यात मन लावून ऐकणारा होता. मघाशी मागे सरकलेली मुलगी त्याचीच होणारी बायको. ती औषधांच्या दुकानात कामाला होती.

"काकू, खरंच कधीच भांडण नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. वहीतून मान तिनं वर केली नाही.

"आता तर इतकं जुळलंय," तो कौतुकानं म्हणाला, "की घरी मी प्रार्थना करतो आणि ही नुसतं आमेन म्हणते."

खोलीभर एक सुखाचा उसासा फिरला. बायकोनं पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि परत लावलं.

ते वाक्य त्याचं आवडतं होतं, "प्रार्थना करून ठरवू." घरात ते कधी सुरू झालं ते त्यालाही आठवत नव्हतं. मुलगी सात वर्षांची असताना तिनं सायकल मागितली, तेव्हा तो हेच म्हणाला होता. मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं म्हणाली तेव्हाही हेच. तिच्या लग्नात नवऱ्यामुलाची ओळख करून देताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "एक लक्षात ठेव हं, पप्पा प्रार्थना करू म्हणाले की समजायचं, विषय संपला." मांडव हसला होता. तोही पोट धरून हसला होता, आणि त्याच्याशेजारी बायकोही.

"चला, आता चिठ्ठ्या," तो म्हणाला.

हा वर्गातला शेवटचा भाग. बायको प्रत्येक मुलीच्या हातात एक कोरी चिठ्ठी द्यायची. दोघांमध्ये अजून न ठरलेली एक गोष्ट तीवर लिहायची, मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं तिथल्या तिथे काय वाटतं ते बोलायचं. बहुतेक चिठ्ठ्या सोप्या असत. लग्नाला बोलवायचं किती जणांना, रविवारी जेवायला कुणाच्या आईकडे, असलं काहीतरी. आजही पहिल्या तीन तशाच निघाल्या.

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं आपली चिठ्ठी दोन्ही हातांत धरली.

"माझी मावशी," ती वाचू लागली, आणि मग चिठ्ठी खाली करून सरळ त्या तरुणाकडे बघून बोलली. "मला मावशीनं वाढवलंय. ती एकटी आहे, तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. लग्नानंतर ती आपल्याकडे राहायला येईल की नाही?"

तरुणानं वहीकडे पाहिलं. मघाशी लिहिलेल्या ओळीखाली त्यानं रेघसुद्धा मारली होती. त्याचा चेहरा उजळला, परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तसा.

"आपण प्रार्थना करून ठरवू," तो म्हणाला.

"वा!" मागची एक मुलगी म्हणाली.

तरुण काकांकडे पाहून हसला. मुलगी हसली नाही. "हो," एवढंच म्हणून तिनं चिठ्ठीची घडी घातली. मग घडीची घडी. मग आणखी एक, कागद दुमडेनासा होईपर्यंत.

तिच्या बोटांकडे पाहताना काकांच्या कानामागे गरम झालं.

वर्ष होऊन गेलं होतं त्या गोष्टीला. सासूबाई मेहुण्याकडे राहायच्या, चौथ्या मजल्यावर. जिन्यात पडून त्यांची कंबर दुखावली होती. मेहुणा आणि त्याची बायको सकाळी कामावर जात ते संध्याकाळी उगवत. दिवसभर म्हातारी घरात एकटी. इकडे बायकोची शाळा एक वाजता सुटायची. एका शनिवारी ती शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्याच्या कामाच्या खोलीत आली, गुडघ्यांवर बसून तिनं भिंत मोजली आणि म्हणाली, "टेबल बाहेर हलवलं तर पलंग बसतो. चार बोटं जागा उरते. खिडकीतून आईला रस्ता दिसेल." तिचा आवाज आनंदी होता. तो एका दाताचा रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळवत होता. हे काम खिडकीच्या उजेडातच करावं लागतं. दिव्याखाली पिवळा दातही पांढरा दिसतो. त्यानं हातातला दात खाली ठेवला नाही. "प्रार्थना करून ठरवू," तो म्हणाला. तिनं टेप दोन बोटांभोवती घट्ट गुंडाळली, टोक आत खोचलं आणि म्हणाली, "हो."

त्यानंतर अकरा आठवडे गेले. मधे दोनदा तिनं विचारलं, "काही कळलं का?" जणू त्याच्याकडे कुणाचं पत्र यायचं होतं. "अजून नाही," तो दोन्ही वेळा म्हणाला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. बाराव्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, घरात कुणी नसताना सासूबाई गेल्या. मेहुण्याला ते संध्याकाळी सहाला कळलं.

"काका," ती मुलगी विचारत होती. "पण उत्तर आलं हे कळतं कसं?"

याचंही उत्तर त्याच्याकडे अकरा वर्षं तयार होतं. मनाला शांती मिळते, असं ते उत्तर होतं. त्यानं तोंड उघडलं. बायकोनं तिसऱ्यांदा विचारलं नाही तेव्हा त्याच्या मनाला खरोखर शांती मिळाली होती. त्या आठवड्यात तो काम करताना शीळही घालायचा. ते आठवलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरचा जबडा उचलून पिशवीत लपवावासा वाटला.

"तुला मावशी नको आहेत का?" त्यानं तरुणाला विचारलं.

तरुण गोंधळला. "नाही, तसं नाही काका."

"मग कसं?"

"म्हणजे... दोन खोल्या आहेत हो आमच्या. त्यात आई, मी, आता ही. मला जरा..." त्यानं मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला भीती वाटते. जमेल की नाही याची."

"मग तिला तसं सांग."

"पण तुम्हीच तर मघाशी..."

"मी सांगितलं ते खोड," तो म्हणाला. "आत्ता खोड. माझ्यासमोर."

तरुणानं पेन उचललं, पण ते हातातच राहिलं.

"काकूंची आई होती," तो म्हणाला. खिडकीकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि तरी त्याला तिचं थांबलेलं पेन दिसत होतं. "त्यांना आमच्या घरी आणायचं होतं. मला नको होतं. नको म्हटलं असतं तर मी वाईट ठरलो असतो. म्हणून मी प्रार्थना करू म्हणालो. मग दिवस गेले, आणि त्याही गेल्या." त्यानं खिशात हात घातला, रुमाल जबड्याखाली होता तो ओढून घेतला आणि कपाळ पुसलं. "प्रार्थना करायची. रोज करायची, दोघांनी मिळून करायची. पण नाही म्हणायचं असेल तर आपल्या तोंडानं नाही म्हणा. देवाला पुढे करू नका. त्याच्या पाठीमागे लपायला जागा खूप असते."

मग ती मुलगी तरुणाला हळूच म्हणाली, "घर लहान आहे ते मला दिसत नाही का?"

"मग तू आधी बोलली का नाहीस?"

"मी बोलले तर तू वहीत बघितलंस!"

"हळू बोल ना जरा."

"का हळू बोलू?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आवाज चढला. बाकीची तीन जोडपी आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसली. बायको उठली, तिनं हजेरीची वही मिटली आणि शाळेत सांगावं तशा आवाजात सांगितलं, "पुढच्या शनिवारी, चार वाजता. सगळ्यांनी यायचं आहे." मग तिनं चहाचे कप गोळा केले आणि बाहेरच्या नळाखाली एकेक करून विसळले. तो जवळ गेला आणि कप पुसायला फडकं घेतलं, तेव्हा तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. रागानं नाही. फडकं ओलं होतं, ती दुसरं कोरडं शोधत होती, एवढंच. पण ते दुसरं तिनं त्याला दिलं नाही.

घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. ऊन उतरलं होतं. त्यानं रुमाल खिशात कोंबला होता, त्यामुळे पिशवीत जबडे मोकळेच होते आणि प्रत्येक पावलाला एकमेकांवर आपटत होते. त्यानं पिशवी छातीशी धरून पाहिली, तरी ते वाजत राहिले. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापाशी बायको बोलली.

"एकदा तरी?"

"काय?" असं त्यानं विचारलं, खरं तर त्याला कळलं होतं.

"त्या अकरा आठवड्यांत. एकदा तरी केली होतीत?"

खोटं बोलायला जागा होती. त्यानं त्या काळात प्रार्थना केल्या नव्हत्या असं नाही, दररोज केल्या होत्या.

"आईंची तब्येत सुधारू दे म्हणून केली," तो म्हणाला. "आणायचं की नाही, हे नाही विचारलं. एकदाही नाही."

ती चालत राहिली. दोन सायकली घंटी वाजवत मधून गेल्या तेव्हा ती कडेला झाली आणि परत त्याच्या बरोबरीनं आली.

"सायकलीचं मला कळायचं," ती म्हणाली. "सहलीचंही कळायचं. पोरगी रुसायची, मी तिला समजवायचे. आईचंही तसंच असेल असं नाही वाटलं मला."

त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दात मात्र तुम्ही दोन दिवसांत दिलेत."

त्याला लगेच आठवलं. चौथ्या की पाचव्या आठवड्यात मेहुण्यानं सासूबाईंची कवळी पाठवली होती. ती त्यानंच बनवलेली होती. म्हातारी वाळली तशी ती सैल झाली होती, घास चावता येत नव्हता. त्यानं सगळी कामं बाजूला सारून आतून नवीन थर भरला, घासूनपुसून चकचकीत केली आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवली. "सासूबाईंचं काम आहे," असं त्यानं डॉक्टरला फोनवर मोठ्या आवाजात सांगितलंही होतं. तो आवाज आता त्याला ऐकू आला.

"त्याला नाही लागली प्रार्थना," बायको म्हणाली. ती त्याला टोचून बोलत नव्हती. एखादं गणित फळ्यावर सावकाश मांडावं तशी ती एकेक गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहत होती. "आणि मातीच्या दिवशी, कबरस्तानाच्या फाटकापाशी, तुम्ही माझा हात धरून काय म्हणालात, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. इतके महिने तो ते सोडून बाकी सगळं आठवत आला होता.

"बोला ना."

"बहुधा हेच त्याचं उत्तर होतं," तो म्हणाला. "असं म्हणालो."

"हो. असंच म्हणालात. इतक्या प्रेमानं म्हणालात." ती थांबली. रस्त्यातच थांबली, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी. "मी ते खरं धरलं. मला वाटलं, तुम्ही देवाला विचारलंत आणि तो नाही म्हणाला. माझ्या आईला नाही म्हणाला. एवढं काय ती मागत होती? एक खिडकी. दहा महिने मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही."

"तू आमेन म्हणायचीस," तो म्हणाला. हे किती मूर्खपणाचं होतं ते बोलून झाल्यावर त्याला कळलं.

"ते तुमच्या प्रार्थनेला. रस्त्यात कुणी भेटलं की म्हणतात ना, या एकदा घरी. आपण म्हणतो, हो हो, येऊ. तसं."

तिचे डोळे कोरडे होते. ते भरून आले असते तर त्याला काहीतरी करता आलं असतं, निदान तो घामाचा रुमाल पुढे करता आला असता.

"तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते," ती म्हणाली. "मला भांडता येतं. तुम्ही कधी पाहिलं नाहीत, एवढंच. घर डोक्यावर घेतलं असतं मी, आणि आणलं असतं तिला. पण तुम्ही त्याला मध्ये घातलंत. त्याच्याशी मी कशी भांडणार?"

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी आल्यावर तिनं नेहमीसारखं सगळं केलं. चपला जागेवर ठेवल्या, पडदे सारले नाहीत कारण अजून उजेड होता, सकाळचं जेवण गरम केलं. तो कामाच्या खोलीत जाऊन जबडे शेल्फवर ठेवून आला. टेबल खिडकीपाशी होतं तिथंच होतं. त्यावर रंगांची पट्टी, मेणाचे तुकडे, बारीक कानस, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. टेबलाची दुसरी बाजू भिंतीपासून किती लांब आहे ते त्याला आता डोळ्यांनीच मोजता येत होतं. तिथे जास्त वेळ उभं राहणं त्याला जमलं नाही.

जेवायला बसताना त्यानं सवयीनं हात जोडले आणि डोळे मिटले. तीस वर्षं रोज या वेळी शब्द आपसूक यायचे. आज पहिलाच शब्द येईना. "हे प्रभू" एवढं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि आपण कुणाला हाक मारतोय याची त्याला खरोखर भीती वाटली.

"आज मी करते," बायको म्हणाली.

शेजारून पाळकांच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. बातम्या चालल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या दारात गेल्यावर माणूस आधी नुसतं उभं राहतं, तशी ती गप्प होती.

"मी आहे," ती म्हणाली. "दहा महिने झाले. मी तुझ्यावर रागावले होते. तू नाही म्हणालास असं मला वाटलं होतं. तुला कुणी विचारलंच नव्हतं." तिचा आवाज जरा हलला आणि परत सावरला. "मीसुद्धा नाही विचारलं. मी ह्यांच्याकडे सोपवून मोकळी झाले. मला क्षमा कर. आईला तुझ्याजवळ खिडकीपाशी जागा दे."

ती पुन्हा थांबली. तो डोळे मिटून आपल्या नावाची वाट पाहत होता. पूर्वी ती प्रार्थना करायची तेव्हा शेवटी त्याचं असायचंच. ह्यांना सांभाळ, ह्यांचे डोळे जपून ठेव, ह्यांच्या हाताला यश दे. समोरचं अन्न निवत होतं. तिनं काहीही मागितलं असतं तरी चाललं असतं, शिक्षासुद्धा.

"ह्यांच्याबद्दल आज तुझ्याकडे काही मागत नाही," ती म्हणाली. "ह्यांच्याशी मीच बोलते. आमेन."

"आमेन," तो म्हणाला. नुसतं आमेन म्हणायची पाळी आज त्याची होती.

डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती.

"का नको होती?" तिनं विचारलं.

कारणं पुष्कळ होती, आणि बरीचशी खरी वाटण्यासारखी होती. घर लहान होतं. तिला शाळा करून आईचं सगळं करावं लागलं असतं, तिची पाठ आधीच दुखायची. मेहुण्याच्या घराजवळ मोठा दवाखाना होता. सगळी त्याच्या जिभेवर रांगेत उभी राहिली. त्यानं ती एकेक करून जाऊ दिली.

"खिडकीपाशी उजेड चांगला येतो," तो म्हणाला. "मला टेबल हलवायचं नव्हतं."

ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. पुढे काहीच नव्हतं. तेवढंच होतं कारण, आणि बोलल्यावर ते आणखी लहान झालं.

बायकोनं समोरचं ताट बाजूला सरकवलं, दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मी त्या दिवशी टेप घेऊन आले होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "गुडघ्यांवर बसून भिंत मोजली होती मी! तुम्ही हातातला तो दात तरी खाली ठेवलात का?"

तो आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता. तो मोठा होता, स्पष्ट होता, आणि थांबणार नव्हता. शेजारी पाळकांनी रेडिओ बारीक केला, मग बंदच केला. पाळकांच्या अंगणाकडची खिडकी सताड उघडी होती. तो ती लावायला उठला नाही.